हैदराबाद स्टेटचा व्हिसा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझ्या नाकात गंधकाचा वास भरतो. नोकरीत खुनाचे, दरोड्याचे तपास पुष्कळ केले आणि त्यातले कितीतरी आता आठवतही नाहीत. या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, ते कोर्टाची पायरीसुद्धा चढले नाही, तरी ते डोक्यातून जात नाही. त्यातली काही माणसे अजून असतील, त्यांची मुलेबाळे तर नक्कीच असतील, म्हणून नावे आणि ठाणे सांगत नाही.

साल छप्पन. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद स्टेट मोडले आणि आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात आला. कागदावर हे एका ओळीत झाले, प्रत्यक्षात आम्हा सरकारी नोकरांची पार त्रेधा उडाली. तेलुगू बोलणारे अधिकारी आंध्रात गेले, कानडी म्हैसुरात गेले आणि आम्ही मराठी माणसे इकडे आलो. माझ्या आधीचा फौजदार तेलुगू होता. तो चार्ज देऊन सामानासकट हैदराबादच्या गाडीत बसला आणि मी त्याच्या खुर्चीत बसलो. ठाण्याच्या पाटीवरचे जुने नाव अजून पुसलेले नव्हते. निजामाच्या काळात फौजदाराला अमीन म्हणत. गावातले लोक मलाही अमीनसाबच म्हणायचे. मी कितीदा सांगितले की आता फौजदार म्हणा, तेव्हा म्हणायचे, "व्हय अमीनसाब."

लोकांचे तरी काय चुकले? पोलीस ॲक्शननंतरच्या आठ वर्षांत त्यांनी काय काय मरताना पाहिले होते! निजामाची सत्ता गेली, निजामी स्टँप गेले. निजामाचा हाली रुपया घेऊन बाजारात गेले तर दुकानदार तो परत हातावर ठेवायचा. कालपर्यंत चालणारी गोष्ट आज एकदम चालेनाशी होते, हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडले होते. त्यामुळे स्टेट गेले म्हटल्यावर त्या स्टेटचे नाव असलेले सगळेच गेले, असे लोकांनी परस्पर ठरवून टाकले. फेरीवर गेलो की गावचे बडे लोक चावडीवर गाठायचे, कुणी शेताचे कागद दाखवायचे, कुणी बंदुकीचा परवाना. मी वैतागून म्हणायचो, "अरे, राज्य बदललंय, तुमचं शेत तिथंच आहे."

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. अशात एके सकाळी आमचा एक खबऱ्या ठाण्यात आला. तो कल्हईवाला होता. भांड्यांना कल्हई लावत गावोगाव फिरायचा आणि ज्या घरी भाता मांडायचा त्या घरचे सगळे ऐकून यायचा. पक्की खबर असली तरच तो बोलायचा, एरवी नुसता चहा पिऊन जायचा. त्या दिवशी त्याने चहाला हात लावला नाही.

"अमीनसाब, तेरखेड्याला दारूच्या खोपीत एक पाकिस्तानी दडून बसलाय."

तेरखेडा माझ्या हद्दीत होते. शोभेची दारू करणारे गाव. गावाबाहेर माळावर कारागिरांच्या खोपी होत्या. त्यांत गंधक, सोरा, कोळसा यांची कुटलेली दारू, भरलेली नळकांडी आणि वाती असत. त्यात पाकिस्तानी म्हटल्यावर माझी पाठ ताठ झाली.

"कुणाच्या खोपीत?"

त्याने एका परवानेवाल्या कारागिराचे नाव सांगितले. माणूस वयस्कर आणि शांत, ठाण्यात कधी त्याचे नाव निघालेले नव्हते.

"त्याचा व्हिसा मेलाय म्हनं," कल्हईवाला पुढे म्हणाला.

"मेलाय म्हणजे?"

"हैदराबाद स्टेटचा हाय. स्टेट गेलं, व्हिसा बी गेला. तवापासनं दडलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"ते इचारू नका साब. सांगनारा म्हनला, आज दुपारी जावा, बायका बाजाराला गेलेल्या असत्यात. आन् खिळ्याचे बूट घालून आत शिरू नका, ठिणगी पडंल." तो जरा घुटमळला. "आन् मारू नका म्हनला. त्याची छाती नाजूक हाय."

हे शेवटचे वाक्य मला चमत्कारिक वाटले. पण डोक्यात दारूगोळा आणि परका माणूस यांनी घर केले होते, त्यामुळे ते तेवढ्यापुरते बाजूला राहिले.

मी आधी जमादाराला साध्या कपड्यांत पाठवले. त्याने माळावर चक्कर मारून जे पाहिले ते पुरेसे होते. दिवाळी झाली की खोपी बंद असतात, लग्नसराईचे काम सुरू व्हायला अवकाश असतो. असे असताना एका खोपीपुढे धुतलेला सदरा वाळत होता आणि त्या कारागिराच्या घरून एक मुलगी फडक्यात भाकरी बांधून तिकडे जाऊन आली होती. जिथे काम नाही तिथे भाकरी जाते म्हणजे तिथे माणूस आहे. पोलिसाला याहून मोठा पुरावा लागत नाही.

दुपारी मी, जमादार आणि तीन शिपाई माळावर पोचलो. पंच म्हणून गावचे पोलीस पाटील बरोबर घेतले होते. खोपीपासून लांबच आम्ही बूट काढले. पट्ट्याची बकले, शिट्ट्या, लोखंडी टोपणाच्या काठ्या, सगळे एका चादरीवर काढून ठेवले. जमादाराच्या खिशातली काडेपेटी मी स्वतः घेऊन पाटलांच्या हाती दिली. हातात काही नाही, पायात काही नाही, अशा अवस्थेत आम्ही धाड घालायला निघालो. सराट्यांचे काटे पायात मोडत होते आणि एक शिपाई प्रत्येक काट्याला देवाचे नाव घेत होता. एरवी मी हसलो असतो.

माझ्या मनात एकच विचार होता. आत बसलेल्या माणसाजवळ काडेपेटी आहे की नाही? तो घाबरला किंवा त्याने जिवावर उदार व्हायचे ठरवले, तर आमच्यापैकी कुणीही घरी जाणार नव्हते. आणि शेजारच्या बंद खोपीपुढे बाजाराला न गेलेल्या दोन बाया सुतळ्या वळत बसलेल्या दिसत होत्या. त्यांना हाक मारून उठवावे तर आतला माणूस सावध होणार. मी जमादाराला खूण केली, तो लांबून वळसा घालून गेला आणि त्यांना उठवून घेऊन गेला. तेवढा वेळ आम्ही उन्हात श्वास धरून उभे राहिलो.

मग मी दाराजवळ गेलो. तट्ट्याचे दार होते. आतून खोकल्याची उबळ आली आणि कुणीतरी ती तोंडावर कापड धरून दाबली.

"बाहेर या," मी आवाज न चढवता म्हणालो. "मी फौजदार आहे. माझ्या हातात काही नाही. तुमच्याही हातात काही नको."

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. माझ्या मागचा शिपाई एक पाऊल मागे गेला. मी तट्ट्या हळूच ढकलला. आत अंधार होता आणि गंधकाचा वास डोळ्यांत जात होता. हळूहळू दिसू लागले. भरलेल्या नळकांड्यांच्या टोपल्यांमध्ये चाळिशीचा एक किडकिडीत माणूस दोन्ही हात वर करून बसला होता. त्याचे हात असे थरथरत होते की मला आता त्याची नाही तर त्या टोपल्यांची भीती वाटू लागली. मी त्याचे मनगट धरले आणि त्याला सावकाश उजेडात आणले. झडतीत त्याच्याजवळ खायचे पान आणि जपाची माळ, तसबीह निघाली. काडेपेटी नव्हती.

ठाण्यात आणून त्याला समोर बसवले. आधी त्याला पाणी दिले, मग विचारले, "नाव?"

त्याने नाव सांगितले. "सोलापूरचा हाय साहेब. मजुरीला आलो."

"सोलापुरात कुठं?"

"गिरणीत होतो."

"कोणत्या खात्यात?"

त्याने पाण्याचा पेला पुन्हा उचलला. गिरणीतला माणूस झोपेतसुद्धा खाते सांगतो. हा गिरणी बाहेरून पाहिलेला माणूस होता. मी वेगवेगळ्या अंगाने विचारत राहिलो. कुठे राहत होतास, शेजारी कोण, तिथला बाजार कोणत्या वारी असतो. तो प्रत्येक खोट्याबरोबर आणखी खचत गेला. सराईत माणूस खोटे बोलताना सावरून बसतो. ह्याला खोटे बोलायची सवयच नव्हती. मला त्याचा राग येऊ लागला, कारण ज्याची मला भीती वाटायला हवी होती तसा हा माणूस दिसत नव्हता आणि तरी सत्य सांगत नव्हता.

खोपीचा मालक, तो वयस्कर कारागीर, त्यालाही आणले होते. त्याला दुसऱ्या खोलीत बसवले. तो एवढेच म्हणत राहिला, "मजूर हाय साहेब. काम मागायला आला, ठिवला." पण बोलताना त्याचे डोळे बंद दाराकडे, पलीकडच्या खोलीकडे जात होते. आणि मी उठायला लागलो तेव्हा त्याने माझी बाही धरली. "साहेब, मारलं तर न्हाई ना त्याला?"

मी जागीच थांबलो. पण तेवढ्यात शिपाई सांगत आला की बाहेर एक बाई आली आहे आणि ती अमीनसाबांशिवाय कुणाशी बोलत नाही.

मावळतीचा उजेड होता. बाई पदर कपाळापर्यंत ओढून ओट्यावर उभी होती. चालत आली असावी, पाय धुळीने माखले होते. आत आल्यावर तिने पदराआडून फडक्यात बांधलेली एक गोष्ट काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. फडक्याला ज्वारीचे दाणे चिकटले होते. आत पाकिस्तानचा पासपोर्ट होता.

"मजूर न्हाई साहेब त्यो," ती म्हणाली. "माझा मालक हाय. आन् तुमी बसवलंय ते त्यांचे थोरले भाऊ."

मग तिने सगळे सांगितले, एका दमात, जणू इतके दिवस ते तोंडाशी येऊन थांबले होते. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत गावोगाव मुसलमानांवर जे हल्ले झाले त्यात तिचा नवरा जिवाच्या भीतीने पळाला. आज हैदराबाद, उद्या मुंबई करत लोकांच्या लोंढ्याबरोबर कराचीला पोचला. परत यायला निघाला तोवर मध्ये सरहद्दीवर परमिट आले, मग पासपोर्ट आले आणि तो तिकडचाच झाला. इकडे बायको आणि लहान मुलगी थोरल्या भावाच्या घरी वाढली. आता त्या मुलीचा निकाह ठरला होता. त्यासाठी कितीतरी खेटे घातल्यावर त्याला व्हिसा मिळाला होता आणि दिवाळीच्या आधी तो आला होता.

"उद्या निकाह हाय," ती म्हणाली. "पोरीला सगळ्या गावानं बिनबापाची म्हनून हिणवलंय. तिनं सांगून ठिवलंय, निकाहाचे वकील आन् गवाह कबूल हाय का म्हनून इचारायला आले की मी आधी अब्बाचा आवाज ऐकीन. न्हाई ऐकला तर मी हो म्हननार न्हाई. चुलत्याचं बी ऐकायची न्हाई. लई हट्टी हाय साहेब. उद्या एवढं होऊ द्या. मग त्यांना जेलात घाला, मला बी घाला."

"पण व्हिसा काढून आला होता तर दडला कशाला?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मीच काहीतरी खुळे विचारले आहे. "त्यावर हैदराबाद स्टेट लिवलंय न्हवं? स्टेटच गेलं, आता व्हिसा कुठला? आमच्या सासऱ्याचे हाली रुपये बी असेच गेले."

मी पासपोर्ट उघडला. व्हिसाचे पान इंग्रजीत होते. भेटीचे ठिकाण म्हणून जिल्हा उस्मानाबाद, हैदराबाद स्टेट असे लिहिलेले. खाली उस्मानाबादच्या कचेरीत हजेरी दिल्याचा शिक्का. आमच्या ठाण्याला ही खबर कळवली असेल तर ती त्या अदलाबदलीत कुठेतरी गठ्ठ्यात बांधली गेली होती. मुक्कामाची जी मुदत दिली होती ती संपायला अजून चांगला अवकाश होता.

एवढे पाहून मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. पण सांगायला संकोच वाटत नाही, त्या पानाकडे पाहून मीही बुचकळ्यात पडलो. मुदत आहे, पण ज्या राज्याचे नाव घातले आहे ते राज्य आहे कुठे? तो व्हिसा खरोखरच चालू आहे की मेला? मी हो म्हणालो आणि उद्या वरून तो रद्दच होता असे ठरले, तर एका परक्या माणसाला दारूच्या खोपीतून काढून मी स्वतः मोकळे सोडले असे झाले असते. मी नाही म्हणालो तर त्याला अटक, मॅजिस्ट्रेट, तुरुंग, मग सरहद्द. आणि ती मुलगी. चोवीस तासांत काय ते ठरवायचे होते, नाहीतर मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे भाग होते.

बाईला मी घरी पाठवले, काहीच कबूल न करता. मग थोरल्याच्या खोलीत गेलो. दार लावले.

"तुमच्या भावाची छाती नाजूक आहे," मी म्हणालो.

तो "व्हय साहेब" म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"माझ्या सबंध नोकरीत खबर देणाऱ्यानं आरोपीला मारू नका असं कधी सांगितलं नाही," मी म्हणालो. "मारा म्हणणारे पुष्कळ भेटले."

तो भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडला. अशा वेळी पोलिसाने गप्प बसावे, हे मी तोवर शिकलो होतो.

"म्याच सांगितलं," तो शेवटी म्हणाला. "कल्हईवाल्याला म्या सांगितलं. साहेब, मी त्याला रोज म्हनत होतो, जा बाबा, तुझा व्हिसा मेला, एकेक दिस ऱ्हाशील तशी सजा वाढंल. त्यो ऐकंना. म्हनायचा निकाह झाल्याबगर पाऊल उचलत न्हाई. तिकडं खोपीत दडला. माझ्या खोपीत! माझा परवाना त्यावर, घरातली बायकापोरं त्यावर. कुनी म्हनलं पाकिस्तान्याला दारूत ठिवलंय, तर आमाला सगळ्यांलाच संपवलं असतं, मागं कसं झालं ते म्या बघितलंय. मला वाटलं, तुमी न्याल, गाडीत बसवून धाडून द्याल. जिता तरी जाईल."

"ठाण्यात येऊन विचारायचं होतं. व्हिसा चालतो की नाही, एवढंच."

त्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले. "ठाण्यात?" तो म्हणाला. "इचारायला?"

त्याच्या त्या दोन शब्दांनी मला जे कळले ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आमच्याकडे माणसे फिर्याद घेऊन येतात, नाहीतर बेड्या घालून येतात. नुसता प्रश्न घेऊन येण्याइतका विश्वास आम्ही कधी कमावलाच नव्हता. ज्याला कायद्याची भीती असते तो कायदा विचारायला येत नाही, तो शेजाऱ्याला विचारतो, आणि शेजारीही तितकाच भ्यालेला असतो.

"त्याला सांगू नका साहेब," थोरला म्हणाला. "मला पायजे ती सजा द्या. पन त्याला सांगू नका."

सकाळच्या पहिल्या बसने मी पासपोर्ट घेऊन उस्मानाबाद गाठले. पोलीस कचेरीच्या हेडक्लार्कने व्हिसाचे पान एकदा पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. "हैदराबाद स्टेट आता अस्तित्वात नाही. सबब परवानगी रद्द. अटक करून पाठवून द्या."

सबब हा शब्द त्याने इतक्या समाधानाने उच्चारला की माझे डोके फिरले. मी सरळ डी.एस.पी. साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब मुंबई राज्यातून नुकतेच आलेले, शिस्तीचे, आणि आम्हा निजामी फौजदारांबद्दल त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. मी सॅल्यूट ठोकला आणि सगळी हकीगत सांगितली. खबऱ्याचे नाव तेवढे वगळले.

"तुमचं मत काय?" त्यांनी विचारले.

"सर, माझी नेमणूक हैदराबाद स्टेटनं केली. इथल्या जेलात जे कैदी आहेत त्यांना सजा हैदराबाद स्टेटच्या कोर्टांनी दिल्या. स्टेट गेलं म्हणून हा व्हिसा मेला असेल, तर मीही फौजदार नाही, आणि कैद्यांनाही सोडायला पाहिजे."

आता काय ऐकावे लागते म्हणून मी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो. साहेबांनी हेडक्लार्कला आत बोलावले आणि व्हिसाच्या शिक्क्यावर बोट ठेवले.

"हा शिक्का कुणाचा?"

"भारत सरकारचा, सर."

"ते अजून आहे ना?"

हेडक्लार्कने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. पण साहेब माझ्यासारखे नव्हते, ते कच्चे काम करत नसत. त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावायला सांगितला. तिथेच सगळे अडले. लाइन लागेना. लागली तर आवाज येईना. आवाज आला तर संबंधित अधिकारी जागेवर नव्हते. मी व्हरांड्यात येरझारा घालत होतो. तिकडे जुम्म्याची नमाज झाली असेल, वऱ्हाड आले असेल. जमादाराने सकाळी निघताना सांगितलेले डोक्यात घुमत होते: वराकडच्यांच्या कानावर पोलिसांचे प्रकरण गेले होते आणि संध्याकाळच्या नमाजपर्यंत सोक्षमोक्ष लागला नाही तर ते नवरा मुलगा घेऊन परत जाणार होते. एकदा परत गेलेले वऱ्हाड पुन्हा येत नाही आणि दोष मुलीच्या कपाळी बसतो.

ऊन कलल्यावर साहेबांनी आत बोलावले. "व्हिसा चालू आहे. जिल्ह्याचं नाव महत्त्वाचं, राज्य बदललं म्हणून परवानगी जात नाही. मुदतीत आला, हजेरी दिली, मुदतीत जाऊ द्या. खोटं नाव सांगितलं त्याबद्दल समज द्या. खोपीत माणूस ठेवल्याबद्दल त्या परवानेवाल्याला ताकीद." आणि मी वळलो तेव्हा म्हणाले, "बसनं कधी पोचणार तुम्ही? माझी जीप घ्या."

ठाण्यात पोचलो तेव्हा धाकटा भाऊ कोपऱ्यात नमाज पढत होता. मी थांबलो. त्याचे झाल्यावर पासपोर्ट त्याच्या हातात दिला. "तुमचा व्हिसा चालू आहे. तो कधी बंद पडलाच नव्हता."

त्याला ते कळायला वेळ लागला. त्याने पान उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "म्हंजी इतके दिस मी…" तो म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

"इतके दिवस तुम्हाला गावात राजरोस फिरता आलं असतं. चला आता, उशीर होतोय."

जमादाराला बरोबर घेऊन दोघा भावांना जीपमध्ये घातले. तेरखेड्यात जीप शिरली तेव्हा मांडवातली माणसे उठून उभी राहिली. काहींनी चपला शोधायला सुरुवात केली. मी खाली उतरून मोठ्याने सांगितले की या गृहस्थांवर कसलाही गुन्हा नाही, त्यांचे कागदपत्र पक्के आहेत, आणि हे मी सरकारच्या वतीने बोलतो आहे. एवढे शेवटचे बोलायचा मला अधिकार होता की नाही, देव जाणे.

मग वकील आणि दोन गवाह मुलीकडे विचारायला गेले. बाहेर सगळे थांबले. काही क्षणांनी एका गवाहाने दारातून हात हलवून धाकट्याला बोलावले. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सगळ्या गावासमोर पोरीशी काय बोलावे हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "बेटा, मी हाय इथं. दारात हाय."

आतून जो होकार आला तो अंगणात मलाही ऐकू आला. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. जमादारही दुसरीकडे पाहत होता.

मुदत संपायच्या आधी, जाण्यापूर्वीची हजेरी द्यायला धाकटा ठाण्यात आला. थोरला त्याची वळकटी घेऊन बरोबर होता. तो दाराशीच उभा राहिला, आत आला नाही. मी कागदावर सही केली. सरहद्दीवरच्या खोकरापारच्या वाटेने तो जाणार होता आणि पुन्हा व्हिसा मिळेल की नाही हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

"साहेब, एक अर्ज हाय," तो म्हणाला. "माझ्या भावाला सांभाळा. मला ठिवलं तर घर बुडंल, परवाना जाईल, सगळं ठाऊक असून त्यानं मला दडवलं. सख्खा भाऊ म्हनून सगळेच म्हनत्यात, पन असं कोन करतं? तिकडं मी समद्यांना सांगनार हाय, माझा भाऊ कसा हाय ते."

आरोपीच्या डोळ्यांत पाहून त्याचे मन ओळखावे, असे मी आयुष्यभर हाताखालच्या पोरांना शिकवले. त्या वेळी दारात उभ्या असलेल्या थोरल्याकडे मी पाहिले नाही. टेबलावरच्या दौतीकडे पाहत म्हणालो, "सांभाळीन. तुम्ही निर्धास्त जा."

खबऱ्याचे नाव फोडायचे नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. खबऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तो असतो, असेच मी समजत होतो. तो नियम ज्याच्याविरुद्ध खबर दिली गेली त्याच्यासाठीही पाळावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. दोघे भाऊ फाटकातून बाहेर पडले तेव्हा धाकट्याने थोरल्याच्या डोक्यावरची वळकटी काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि थोरला मान खाली घालून त्याच्या मागे चालत राहिला.